शेवट बदलायचा नाही

निवृत्त झाल्यावर मला दोनच गोष्टी करायच्या होत्या. दिवसाढवळ्या सगळ्यांसमोर पुस्तक वाचायचं, आणि वाचलेल्याबद्दल कुणाशी तरी पोटभर बोलायचं. वर्ध्याच्या एका सरकारी कार्यालयात मी आवक-जावकच्या टेबलाला होते. तिथं माझं बहुतेक वाचन टेबलाच्या खणात झालं. खण अर्धा ओढलेला, आत पुस्तक उघडं, वर टपालाचा गठ्ठा. साहेबांच्या चपलांचा आवाज आला की पोटानं खण आत ढकलायचा. काम कधी तुंबू दिलं नाही, त्यामुळे मला त्याची लाज नव्हती आणि आजही नाही.

पण बोलायला कुणी नव्हतं. माझा नवरा शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. तो चित्रं पाहतो, सिनेमे तर फार आवडीनं पाहतो. पुस्तक हातात घेतलं की मात्र दुसऱ्या पानाला त्याचा चष्मा नाकावरून घसरतो. मुलगा पुण्यात. त्याला फोनवर एखाद्या कादंबरीबद्दल सांगायला लागले की तो म्हणतो, "आई, तू हे रेकॉर्ड करून पाठव, मी गाडीत ऐकतो."

म्हणून वर्ध्याला लागूनच्या पिपरी मेघेत आमच्या लेआउटमधल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी वाचक मंडळ काढल्याचं कळलं, तेव्हा मी पहिल्याच बैठकीला जाऊन पुढच्या खुर्चीवर बसले. सर मराठीचेच होते. आवाज भारदस्त, वागणं अदबशीर, चूक दाखवतानाही समोरच्याला आधी खुर्ची पुढे करणारे. महिन्याच्या पहिल्या रविवारी बगिच्याशेजारच्या छोट्या सभागृहात आम्ही जमायचो. एक पुस्तक ठरलेलं असायचं. चहा असायचा, वर्ध्याची गोरसपाक बिस्किटं असायची, आणि सुरुवातीचे काही महिने तरी खरोखर वाचून आलेली माणसं असायची.

समोरच्या घरातल्या वहिनींना मीच तिथं ओढत नेलं. वहिनी मूळच्या वडनेरच्या. मुलाला वर्ध्यात नोकरी लागली, नातवंडं इथल्या शाळेत गेली, तेव्हा शेत भावकीत ठोक्यानं, म्हणजे ठरावीक रकमेवर कसायला, देऊन त्या इकडे राहायला आल्या. शाळा सातवीपर्यंतची. वाचताना बोट ओळीखाली धरतात, पण कुणी बोलावलं तरी बोट उचलत नाहीत. पहिल्या दिवशी मला म्हणाल्या, "ताई, मले थ्या मोठ्या मोठ्या लोकायत बोलता नाई येत."

मी म्हटलं, "बोलू नका. ऐका. वाटलं तर बोला."

वर्ष सरत आलं तसं मंडळाचं रूप पालटलं. एक जण पुस्तकाऐवजी त्यावरचा दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहून यायला लागले. त्यांचं पाहून आणखी चारजण. एक निवृत्त इंजिनिअर होते, त्यांनी तर अभिमानानं सांगितलं, "मी ऑडिओबुक दीडपट वेगानं ऐकलं. दोन दिवसांत उरकलं."

मी विचारलं, "जेवणही दीडपट वेगानं उरकता का?"

लोक हसले, सरांनी विषय बदलला. पण मला हसू आलं नव्हतं. पुस्तकात काय घडलं हे कळणं आणि पुस्तक वाचणं यांत फरक आहे, एवढं साधं वाक्य मी त्या सभागृहात किती वेळा बोलले असेन. दर वेळी कुणी तरी मान हलवायचं आणि गोरसपाकाची बशी पुढे करायचं.

अशात पुढच्या महिन्यासाठी पुस्तक सुचवायची पाळी माझी आली.

मी जी कादंबरी सुचवली ती आमच्याकडच्याच एका गावात घडते. जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, काम करणाऱ्या एका बाईची ती गोष्ट. नवरा तिची मजुरी पितो, तिला मारतो, आणि एक दिवस घरात दुसरी बाई आणून बसवतो. ही निघते, जिनामागच्या गल्लीत एक खोली घेते आणि एकटी राहते. गोष्ट म्हटली तर एवढीच. पण ती बाई खोलीत पहिल्यांदा एकटी जेवते, तेव्हा दुसरी भाकरी कुणासाठी ठेवायची नाही हे लक्षात येऊन ती कशी गोंधळते, हे वाचावं लागतं. सांगून कळत नाही.

ती कादंबरी मी माझ्या आईला वाचून दाखवली होती. आई हिंगणघाटच्या एका जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कामाला होती. हंगामात घरी यायची तेव्हा तिच्या भुवया आणि पापण्या रुईनं पांढऱ्या झालेल्या असायच्या, आणि मी लहानपणी समजायचे की ती रोज संध्याकाळी म्हातारी होते आणि अंघोळ केली की पुन्हा तरुण. आई वाचायला शिकली ती मोठेपणी, वस्तीतल्या विहारात. मग हाताला लागेल ते वाचायची. म्हातारपणी काचबिंदूनं तिची नजर नेली. तेव्हा मी रविवारच्या रविवार बसनं हिंगणघाटला जायचे आणि तिच्या खाटेशी बसून वाचायचे.

त्या कादंबरीच्या शेवटी नवरा दोन नातेवाइकांना घेऊन बायकोला न्यायला तिच्या खोलीवर येतो. गोडगोड बोलतो. ती सगळ्यांना चहा देते. त्यांचं पिऊन होईपर्यंत उभी राहते. मग कप विसळून पालथे घालते आणि म्हणते, चाय झाली, आता उजेड हाय तवरक निंगा, मले पाळीवर जायाचं हाय. ते जातात. ती कुलूप लावते आणि कामावर जाते. इथं पुस्तक संपतं.

मी वाचायची थांबले तेव्हा आईचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं झोप लागली. मग म्हणाली, "बरं केलं तिनं."

"आवडली का तुले?"

"आमच्या जिनात एक होती अशीच. माह्या बाजूच्या रेच्यावर." आई छताकडे तोंड करून बोलत होती. "तिले न्यायले आलते चार जण. समजावलं, पाया पडले, अन् घेऊन गेले. ते गेली वापस."

"मग?"

"मंग काय. पुढच्या हंगामात नाई दिसली. विहिरीत पडली म्हने."

आईनं त्या बाईबद्दल याआधी कधी सांगितलं नव्हतं, नंतरही सांगितलं नाही. कादंबरीतली बाई गेली नाही, याचं तिला जे समाधान वाटलं ते मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं होतं. म्हणून त्या शेवटाबद्दल मी हट्टी आहे. मंडळात हे सगळं मी सांगितलं नव्हतं. एवढंच म्हटलं, चांगली कादंबरी आहे, आपल्या भागातली आहे, वाचू या.

बैठकीला आठवडा उरला असताना मंडळाच्या ग्रुपवर सरांचा निरोप आला. त्या कादंबरीवरचा सिनेमा नुकताच मोबाइलवर पाहायला मिळू लागला आहे. कादंबरी जाड आहे, प्रती मिळत नाहीत. तेव्हा या वेळी सभागृहात पडदा लावून आपण सिनेमाच एकत्र पाहू आणि त्यावर चर्चा करू. खाली भराभर अंगठे आले.

मी लिहिलं, "मग मंडळाचं नावही बदला. प्रेक्षक मंडळ ठेवा."

त्याला कुणी अंगठा दिला नाही.

तरीही मी गेले. न पाहता नाव ठेवणाऱ्यांतली मी नाही. वहिनी सोबत होत्या, नवरा तर माझ्याआधी जाऊन जागा धरून बसला होता. आणि खरं ते सांगते, सिनेमाची सुरुवात चांगली होती. जिनातून बाया बाहेर येतात आणि दारात थांबून एकमेकींच्या पापण्यांवरची रुई बोटानं काढतात, असं एक दृश्य होतं. पुस्तकात ते नाही. ज्यानं ते दृश्य घेतलं त्याला मी तिथल्या तिथं शंभर अपराध माफ केले.

पुढे अपराध शंभरावर गेले. नायिकेनं तोंड उघडलं की सभागृहात हशा. तिच्या प्रत्येक वाक्यामागे "बाप्पा" लावलेलं, आणि सासूशी बोलताना पोराटोरांतलं "बे". आमच्याकडे कोणती सून सासूला "बे" म्हणते? तिथंच दातखीळ बसवतील. आमच्याकडच्या खेड्यातली बाई "मी जातो, मी येतो" म्हणते, हे त्या लोकांना कुणी सांगितलंच नव्हतं. नागपूरच्या बाजारात कानावर पडलेले चार शब्द उचलून त्यांनी तिच्या तोंडात कोंबले होते. माझ्या आईची भाषा लोकांना हसवायला वापरली गेली, आणि हसणारे सगळे याच जिल्ह्यातले होते. त्यांच्या घरातल्या म्हाताऱ्या तसंच बोलत असणार.

मग शेवट. सिनेमात नवऱ्याचा हात रेच्यात सापडतो. ही पाळी सोडून धावते. दवाखान्यात तो रडतो, ही रडते, गाणं सुरू होतं. शेवटी ती त्याच्या घरचं अंगण झाडताना दिसते, चेहऱ्यावर सकाळचं ऊन.

दिवे लागले तेव्हा निम्मे लोक डोळे पुसत होते. माझा नवरा त्यांत होता. सर उभे राहिले आणि म्हणाले की दिग्दर्शकानं कादंबरीचा आत्मा जपला आहे.

मी म्हटलं, "सर, आत्मा जपला असता तर ती घरी गेली नसती. पुस्तकात ती जात नाही. चहा पाजते आणि कामावर जाते."

"हो, पण प्रत्येक माध्यमाची एक गरज असते."

"खोटं बोलायची गरज कोणत्या माध्यमाला असते?"

मागून इंजिनिअर म्हणाले, "मॅडम, उलट हा शेवट चांगला आहे. संसार वाचला."

"कुणाचा?"

ते म्हणाले, "दोघांचा."

"तिला मारणाऱ्याचा हात तुटला म्हणून तिनं परत जायचं? त्याचा हात शाबूत होता तेव्हा त्यानं त्या हातानं काय केलं, ते तुम्ही आत्ताच पाहिलंत ना?"

सर हसतमुखानं म्हणाले, "आपण फार मनाला लावून घेता. शेवटी ही एक काल्पनिक गोष्ट आहे."

या वाक्यावर मी उठले. काल्पनिक गोष्ट मनाला लावून घ्यायची नसेल तर दर महिन्याला इथं कशाला जमायचं, असं विचारलं आणि आता पुढच्या महिन्यापासून मी येणार नाही हेही सांगितलं. त्याच दिवशी ग्रुपमधून बाहेर पडले. सरांचा फोन आला. "आपण समजूतदार आहात," ते म्हणाले. मी म्हटलं, "या बाबतीत नाही."

त्या दिवशी सभागृहातून घरी येताना वाटेत मला वाटलं, वहिनी तरी माझ्या बाजूनं असतील. फाटकाशी आल्यावर त्या म्हणाल्या, "ताई, रागावजो नोको. पन मले तं सिनेमा आवडला. अपंग मानसाले कसं सोडाव?"

मी फाटकाची कडी काढली. मग त्यांनीच विचारलं, "पुस्तकात खरंच नाई गेली थे?"

"नाही गेली."

"काऊन नाई गेली?"

"ते पुस्तकात आहे."

"मंग मले वाचून दाखवा. मी येतो उद्या दुपारी."

अशी आमची बैठक सुरू झाली, भांडणातून. लहानपणी वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज ग्रंथ वाचायचे. एक जण वाचायचा, बाकीचे ऐकायचे. अवघड भाग सोडून द्या असं कुणी म्हणत नसे. पावसाळाभर चालायचं, पण ग्रंथ पुरा व्हायचा. माझ्या व्हरांड्यात तीच पद्धत मी ठेवली. पुस्तक मोठ्यानं वाचायचं, पहिल्या ओळीपासून. सोडायचं काही नाही, पुढचं सांगायचं नाही. वहिनींसोबत मागच्या गल्लीतल्या एक निवृत्त नर्सबाई यायला लागल्या. मग एक ब्लाउज शिवणारी मुलगी, जी हुक लावता लावता ऐकते.

एप्रिल होता. कूलर लावला की वाचलेलं ऐकू येईना, बंद केला की घाम. आम्ही कूलर बंद ठेवला. पुठ्ठ्यानं वारा घेत आणि ओला पंचा मानेवर टाकून वाचलं. एकीचा घसा बसला की दुसरी वाचायची. वहिनींची पाळी आली की वाचन बैलगाडीच्या गतीनं चालायचं. नर्सबाईंनी एकदा जांभई दिली, तेव्हा वहिनी बोट ओळीवर तसंच ठेवून म्हणाल्या, "नर्सबाई, तुमी सुई टोचता तं लोक कळ काढतेत ना? तुमीबी काढा." त्यानंतर नर्सबाईंनी जांभई दिली तर तोंडावर पंचा धरून.

पुण्याहून मुलाचा फोन आला. "आई, हे सगळं एका ॲपवर आहे. तू एवढा घसा का फोडतेस?"

मी म्हटलं, "ॲपला मध्येच थांबवून वहिनी विचारतात का, की हिनं असं काऊन केलं?"

शेवटची पानं मी वाचली. चहा झाला, कप पालथे पडले, कुलूप लागलं. ब्लाउजवाली मुलगी हुक लावायची थांबली होती. मी वहिनींकडे पाहिलं. मनात म्हटलं, आता या मान्य करतील.

वहिनी म्हणाल्या, "बेस केलं थे गेली नाई तं. पन चाय कायले पाजली?"

"म्हणजे?"

"मारनाऱ्याले चाय? मी असतो तं दारातूनच वापस धाडलं असतं."

"अहो, तोच तर मुद्दा आहे. ती त्याला पाहुण्यासारखं वागवते. पाहुणा म्हणजे परका."

"नाई पटत मले. चायपत्ती काई फुकट येते का?"

त्यावर आम्ही ऊन उतरेपर्यंत भांडलो. नर्सबाई माझ्या बाजूनं, मुलगी वहिनींच्या. मंडळाच्या वर्षभराच्या बैठकांत असं भांडण मला एकदाही मिळालं नव्हतं. ज्या बाईनं सिनेमा पाहून डोळे पुसले होते तिनं आता मला आणि लेखकाला दोघांनाही धाब्यावर बसवलं होतं, आणि मला त्याचा इतका आनंद झाला की मी सगळ्यांना त्याच चायपत्तीचा चहा करून पाजला.

मग मंडळाचा वर्धापनदिन आला. सिनेमाचे संवाद लिहिणारा तरुण नागपूरहून पाहुणा म्हणून येणार होता. सर स्वतः घरी आले. खुर्चीवर बसून म्हणाले, "कादंबरी तुम्ही सुचवलेली. तुमच्याशिवाय कार्यक्रम कसा होईल? दोन मिनिटं मनोगत व्यक्त करा."

"मला वाटेल ते बोलेन."

"बोला ना. फक्त पाहुण्यांचा मान राहील असं पाहा."

मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

कार्यक्रमाला आमच्या व्हरांड्यातल्या सगळ्याजणी आल्या आणि मागच्या रांगेत बसल्या. सिनेमाची थोडी दृश्यं दाखवली. "बे"वर पुन्हा हशा झाला. माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा मी पिशवीतून कादंबरी काढली आणि माइकसमोर गेले.

मी म्हटलं, "मनोगत काही नाही. या पुस्तकाचा शेवट इथं बऱ्याच जणांनी वाचलेला नाही. तो वाचते."

आणि वाचायला लागले. नवरा आणि त्याचे नातेवाईक गल्लीत शिरतात तिथपासून. पुस्तकातली बाई जशी बोलते तशीच मी वाचली. आईच्या सुरात, तिच्या हेलात. पहिल्या संवादाला पुढच्या रांगेत कुणी तरी हसलं. मी थांबले, त्यांच्याकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा वाचलं. मग कुणी हसलं नाही. सूत्रसंचालन करणारी मुलगी बाजूला येऊन उभी राहिली, तिनं घड्याळाकडे बोट केलं. मी पान उलटलं. सरांनी पुढच्या रांगेतून हात जोडून पुरे अशी खूण केली. मला ती दिसली. मी वाचत राहिले. कुलूप लागेपर्यंत वाचलं, पुस्तक मिटलं आणि जागेवर येऊन बसले. टाळ्या पडल्या त्या मागच्या रांगेतून, आणि पुढच्या रांगेत कुठे कुठे.

चहाच्या वेळी तो तरुण माझ्याकडे आला. मी कंबर कसून उभी राहिले. तो म्हणाला, "काकू, हा शेवट मला माहीतच नव्हता."

"तुम्ही संवाद लिहिलेत ना?"

"लिहिले. पण मला कादंबरी दिली नव्हती. थोडक्यात कथानक टाइप करून दिलं होतं. त्यात शेवटी एवढंच होतं की नवरा तिला न्यायला येतो." तो कपात पाहत म्हणाला, "न्यायला येतो म्हटल्यावर ती जाते, असंच मला वाटलं. सगळ्यांनाच वाटलं. अपघात आम्ही नंतर घातला, ती का जाते हे पटावं म्हणून."

माझा राग कुठं ठेवावा ते मला कळेना. पोरगा खरं बोलत होता. हे तो सभागृहात सगळ्यांसमोर बोलला असता तर बरं झालं असतं, तेही मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मला वाचायचीय. तुमची प्रत द्याल? कुरिअरनं परत पाठवतो."

"नाही," मी म्हटलं. "ही प्रत मी कुणाला देत नाही. पण आता पुन्हा छापलीय, नागपुरात मिळते. विकत घ्या. पूर्ण वाचा. मग तुम्हाला तुमचाच शेवट बरा वाटला तर तसं मला कळवा, मी भांडायला तयार आहे."

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमीसारखा अदबशीर होता. "आपण कार्यक्रमाची शिस्त मोडलीत," ते म्हणाले.

"हो, मोडली."

त्यांना बहुतेक स्पष्टीकरणाची अपेक्षा होती. मी दिलं नाही. त्यांनी फोन ठेवला. आता भाजीबाजारात भेटलो की आम्ही एकमेकांना नमस्कार करतो. मंडळ अजून चालू आहे. ते दर महिन्याला एक सिनेमा पाहतात आणि लोक पूर्वीपेक्षा जास्त येतात. त्यांनी खुशाल पाहावेत. माझा नवराही जातो, तो पाहून आल्यावर मला सगळी गोष्ट सांगतो आणि मी ऐकते. सिनेमा पाहू नये असं मी कधीच म्हटलेलं नाही. चांगला असला तर मी स्वतः दोनदा पाहते. पण पुस्तकाच्या जागी तो आणून ठेवला आणि मला म्हटलं की हेच ते, तर मी ऐकून घेणार नाही. वय झालं, रक्तदाब आहे, लोकांशी कशाला वाईटपणा घ्यायचा, असं मला घरचे सांगतात. ऐकून घ्यायचं वय होतं तेव्हा मी खण पोटानं ढकलत होते. आता खण नाही.

व्हरांड्यात आमचं वाचन चालू आहे. त्या तरुणानं अजून काही कळवलेलं नाही. इंजिनिअर एकदा येऊन पायरीवर बसले, थोड्या वेळानं भिंतीला टेकून झोपले, जाताना म्हणाले छान वाटलं.

सध्या एक भलीमोठी जुनी कादंबरी घेतली आहे. ब्लाउजवाल्या मुलीनं ती वर्ध्याच्या एका वाचनालयातून आणली. काल दुपारी नर्सबाई वाचत होत्या. बहीण भावाच्या दारात उभी आहे, वाटणीचं बोलणं निघालं आहे, भाऊ आतून बाहेर येतो, आणि पुढे पानंच नाहीत. कुणी तरी शेवटची पानं फाडून नेलेली.

मुलगी म्हणाली, "फोनवर पाहू का? शेवट लिहिलेला असंल."

तेवढ्यात वहिनींचा मुलगा आईला बोलवायला आला, त्यानं लगेच मोबाइल काढून शोधलं सुद्धा. म्हणाला, "सापडलं. चार ओळीत आहे. सांगू?"

"चूप बस," वहिनी म्हणाल्या.

मी हिंगणघाटच्या एका वाचनालयात ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्यांच्याकडे एक प्रत आहे. पानं पूर्ण आहेत, त्यांनी उघडून पाहिली. मी त्यांना फोनवर वाचू नका म्हटलं. घरी न्यायला देत नाहीत, तिथंच बसून वाचावी लागेल. नर्सबाई म्हणाल्या, एवढ्या उन्हात तीन-चार पानांसाठी जायचं का? वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डबे कोण कोण आणणार ते ठरवायला सुरुवात केली. उद्या सकाळच्या बसनं आम्ही चौघी निघणार आहोत.